सपाटीवर १७०, घाटात १२०: मनगटी घड्याळाच्या हृदयगतीवर कितपत विसंबावे?

घाटवाट

नमस्कार मंडळी,

माझे वय ५२ आहे आणि गेल्या हिवाळ्यापासून मी नियमित धावतो. यंदाच्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी नाव नोंदवण्याचा विचार आहे. तिथला यवतेश्वरचा घाट डोळ्यांसमोर ठेवून मी आठवड्यातून एकदा बोपदेव घाटात सरावाला जातो. मुलीने दिलेले मनगटी घड्याळ हृदयगती, कॅलरी, पावलांचा वेग असे सगळे दाखवते. त्यातल्या हृदयगतीवरच सरावाचा आराखडा बेतायचा असे मी ठरवले होते, पण गेल्या काही आठवड्यांचे आकडे पाहून मी पुरता संभ्रमात पडलो आहे.

कोंढव्याकडच्या सपाट रस्त्यावर शेजारच्या मित्राशी आरामात गप्पा मारत धावताना घड्याळ १६८ ते १७२ ठोके दाखवते. घाटाचा तीव्र चढ लागला की मी धावणे सोडून झपाझप चालू लागतो. तेव्हा चांगलीच धाप लागलेली असते, एक वाक्यही सलग बोलता येत नाही, आणि नेमके त्या वेळी घड्याळ ११८ ते १२२ दाखवते. २२० वजा वय या सूत्राने माझी कमाल हृदयगती १६८ येते. म्हणजे घड्याळ खरे मानले तर गप्पा मारताना मी कमाल मर्यादा ओलांडतो आणि दम लागलेला असताना जणू बागेत फेरफटका मारत असतो.

दोष घड्याळाचा आहे की माझ्या हृदयाचा, हे कसे ओळखावे? ही उपकरणे गोऱ्या त्वचेवर तपासलेली असतात, सावळ्या त्वचेवर चुकतात, असेही वाचनात आले. त्यात कितपत तथ्य आहे? छातीला बांधायचा पट्टा घेतल्याने खरोखर फरक पडतो का? रक्तदाबासाठी मला रोज एक गोळी चालू आहे, त्यामुळे घरच्यांना या आकड्यांची काळजी वाटते. जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

---

तरंगलांबी

घाटवाट, तुम्ही दिलेल्या आकड्यांतच उत्तराचा मोठा भाग आहे. घड्याळाच्या ॲपमध्ये त्या दिवसाच्या धावेचा आलेख उघडा आणि हृदयगतीची रेघ व पावलांच्या वेगाची, म्हणजे कॅडन्सची, रेघ शेजारी शेजारी ठेवून पाहा. सावकाश धावणाऱ्या बऱ्याच जणांची पावले मिनिटाला १६० ते १७५ च्या आसपास पडतात. चढावर झपाझप चालताना तीच संख्या ११० ते १२५ पर्यंत उतरते. दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर बसत असतील, आणि चालण्यास सुरुवात करताच दोन्ही एकदम खाली येत असतील, तर घड्याळ तुमची पावले मोजून ती हृदयाच्या खात्यात जमा करत आहे असे समजावे. धावणाऱ्या मंडळींत याला ‘कॅडन्स लॉक’ म्हणतात.

हे का होते ते कळण्यासाठी घड्याळ नेमके काय मोजते ते पाहावे लागेल. त्याच्या पाठीवर हिरवे एलईडी असतात. त्यांचा प्रकाश त्वचेत शिरतो, काही भाग रक्तातले हिमोग्लोबिन शोषून घेते आणि उरलेला परत फिरून शेजारच्या संवेदकावर पडतो. प्रत्येक ठोक्यासरशी त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लाट येते, क्षणभर प्रकाश जास्त शोषला जातो आणि परतणारा प्रकाश तेवढाच कमी होतो. या चढउतारांवरून मिनिटाचे ठोके काढले जातात. तत्त्व जुनेच आहे. अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३० च्या दशकातच प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेतला रक्तप्रवाह नोंदवण्याचे काम केले होते, आणि कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला पल्स ऑक्सिमीटरही याच कुळातला आहे. मात्र ऑक्सिमीटर बोटाच्या आरपार लाल व अवरक्त प्रकाश पाठवतो, आणि त्या वेळी माणूस हात स्थिर ठेवून बसलेला असतो.

अडचण अशी की परतणाऱ्या प्रकाशातला ठोक्यांमुळे बदलणारा भाग फार लहान असतो, मनगटावर बहुधा जेमतेम एक-दोन टक्के. धावताना प्रत्येक पावलाच्या हादऱ्याने घड्याळ त्वचेवर किंचित उचलले जाते, खालचे ऊतक दबते आणि शिरांतले रक्त हिंदकळते. या हालचालीमुळे होणारा प्रकाशाचा चढउतार ठोक्यामुळे होणाऱ्या चढउताराहून कितीतरी मोठा असू शकतो. विसर्जन मिरवणुकीत ढोलपथकाला खेटून उभे राहून कुणाची कुजबुज ऐकावी, तसे काम त्या चिपला करावे लागते. हालचाल ओळखण्यासाठी घड्याळात त्वरणमापक असतो. हाताच्या हालचालीची लय ओळखायची आणि ती प्रकाशाच्या नोंदीतून वजा करायची, ही सर्वसाधारण पद्धत आहे. पण हृदयाची लय आणि पावलांची लय एकमेकींच्या जवळ आल्या, उदाहरणार्थ पावले १६८ आणि ठोके १६०, तर कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची हे गणिताला नीट ठरवता येत नाही. एकदा चुकीची लय पकडली की तीच पुढे सरकवत नेली जाते, कारण हृदयगती एका सेकंदात वीस-तीस ठोक्यांनी बदलत नाही हे त्या गणिताने गृहीत धरलेले असते. म्हणून ही चूक एखाद्या क्षणापुरती न राहता दहा-पंधरा मिनिटे टिकते आणि आलेखावर अगदी खऱ्यासारखी, गुळगुळीत दिसते. मला हाच या उपकरणांचा सर्वांत त्रासदायक दोष वाटतो, कारण वेडेवाकडे आकडे आले असते तर निदान शंका तरी आली असती.

छातीच्या पट्ट्याचे तत्त्व वेगळे आहे. तो प्रकाश वापरत नाही. प्रत्येक ठोक्याआधी हृदयात निर्माण होणारा विद्युत संदेश तो त्वचेवरून टिपतो, म्हणजे ईसीजीचेच ते एक साधे रूप आहे. फिनलंडच्या पोलर या कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला असा बिनतारी पट्टा बाजारात आणला आणि आजही त्याची मूळ रचना तशीच आहे. क्लीव्हलंड क्लिनिकच्या डॉक्टरांनी ५० निरोगी प्रौढांना ट्रेडमिलवर चालवून आणि धाववून चार मनगटी उपकरणे, छातीचा पट्टा आणि ईसीजी यांची तुलना केली होती. २०१६ च्या अखेरीस जामा कार्डिऑलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार पट्ट्याचा ईसीजीशी सहसंबंध ०.९९ होता (१ म्हणजे तंतोतंत जुळणी), तर मनगटी उपकरणांचा ०.८३ ते ०.९१ च्या दरम्यान. त्यानंतर २०१७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील गटाने ६० स्वयंसेवकांवर सात मनगटी उपकरणे तपासली. सातपैकी सहांची हृदयगतीतील चूक ५ टक्क्यांच्या आत होती, आणि सायकल चालवताना ती सर्वांत कमी होती. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे आणि खराही आहे, पण तो समूहाचा आहे. समूहाची चूक ५ टक्के असली तरी एखाद्याच्या एखाद्या धावेत वीस मिनिटे ४० ठोक्यांची तफावत राहू शकते, आणि तुमच्या बाबतीत बहुधा तेच घडत आहे.

ती उपकरणे आता जुनी झाली. नव्या घड्याळांत एलईडी आणि संवेदक जास्त असतात आणि गणितही बरेच सुधारले आहे. तरीही मनगट ते मनगटच, आणि पावलांचा हादरा काही कमी झालेला नाही.

---

नाडीपरीक्षा

मी हृदयरोग विभागात अनेक वर्षे काम करून आता निवृत्त झालो आहे. ‘तरंगलांबी’ यांनी केलेली मीमांसा मला पटते, आणि बहुधा तीच बरोबर निघेल. तरीही घड्याळ चुकत असेल या कारणावर सर्व सोपवण्यापूर्वी काही गोष्टी पाहणे आवश्यक आहे. इथे लिहून कुणाचे निदान होत नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ दिशा दाखवण्यापुरता समजावा.

पहिली गोष्ट, रक्तदाबाची गोळी कोणती? ती मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल, बिसोप्रोलॉल अशा बीटा-ब्लॉकर गटातली असेल, तर व्यायामात हृदयगती वाढण्यालाच ती लगाम घालते. असे औषध चालू असताना वयावरून काढलेले कोणतेही सूत्र लागू पडत नाही, आणि घड्याळाने आखून दिलेले झोनही, म्हणजे हलक्या ते जोरदार व्यायामासाठीचे हृदयगतीचे टप्पेही, निरर्थक ठरतात. एक आग्रहाची सूचना: घड्याळातले आकडे सुधारावेत म्हणून गोळी परस्पर बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. बीटा-ब्लॉकर अचानक थांबवणे धोक्याचे असते.

दुसरी गोष्ट ते २२० वजा वयाचे सूत्र. ते १९७१ मधल्या एका लेखातून रूढ झाले आणि त्यात आधीच्या निरनिराळ्या अभ्यासांतले आकडे एकत्र करून एक ढोबळ रेषा काढलेली होती. एकेका माणसाची कमाल मर्यादा ठरवण्यासाठी ते रचलेलेच नव्हते. २००१ मध्ये तानाका आणि सहकाऱ्यांनी २०८ वजा वयाच्या ०.७ पट असे सूत्र मांडले. त्याने तुमची कमाल गती सुमारे १७२ येते. पण दोन्ही सूत्रांत व्यक्तीव्यक्तींमधला फरक साधारण दहा-बारा ठोके इकडे किंवा तिकडे असतो, आणि काही जणांत त्याहूनही अधिक. बावन्नाव्या वर्षी एखाद्याची खरी कमाल गती १५५ असू शकते आणि दुसऱ्याची १८५, आणि दोघेही ठणठणीत असू शकतात. त्यामुळे १६८ ओलांडले म्हणजे काही भयंकर घडले, असे मानू नये.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हृदयाची लय अनियमित असेल, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, तर काही ठोके इतके दुबळे पडतात की त्यांची लाट मनगटापर्यंत पोहोचतच नाही. छातीवर स्टेथोस्कोप ठेवून मोजलेले ठोके आणि मनगटावरची नाडी यांत मग फरक पडतो. वैद्यकीय विद्यार्थ्याला हे पहिल्या काही वर्षांतच शिकवले जाते. प्रकाशावर चालणारे घड्याळही शेवटी मनगटावरची लाटच मोजते, त्यामुळे तेही अशा वेळी कमी आकडा दाखवू शकते. चढावर दम लागलेला असताना ११८ दिसणे हे बहुधा पावलांमुळे असेल, पण त्याच वेळी छातीत धडधड, फडफड, चक्कर किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, अथवा छाती, जबडा, डावा हात यांत दुखत किंवा जड वाटत असेल, तर घड्याळाची चर्चा बाजूला ठेवून लगेच थांबावे आणि हृदयरोगतज्ज्ञांना भेटावे.

खात्री करून घेण्याचा सर्वांत सोपा उपाय तुमच्याच हातात आहे. सपाटीवर धावताना आकडा १७० दिसू लागला की थांबा. तर्जनी आणि मधले बोट मानेच्या एकाच बाजूला, स्वरयंत्राशेजारच्या खोलगट जागी हलकेच टेकवा, आणि १५ सेकंद ठोके मोजून त्यांना चारने गुणा. दोन्ही बाजू एकदम दाबू नयेत आणि एका बाजूलाही जोर देऊ नये, कारण तिथल्या दाबाने गती आपोआप मंदावते आणि काहींना भोवळही येते. ज्यांना मान नको वाटते त्यांनी अंगठ्याच्या मुळाशी मनगटावरची नाडी पाहावी. मोजणी थांबल्याबरोबर झाली पाहिजे; थांबल्यानंतर हृदयगती झपाट्याने उतरते, त्यामुळे श्वास सावरेपर्यंत वाट पाहिली तर आकडा हाती लागत नाही. मोजताना ठोके घड्याळाच्या टिकटिकीसारखे एका अंतराने पडतात की मधेच अडखळतात, याकडेही लक्ष द्या. ही माहिती संख्येइतकीच मोलाची आहे आणि धावतानाचा मनगटी आकडा ती देत नाही.

काही घड्याळांत ईसीजीची सोय असते, ती उपयुक्त आहे. पण ती नोंद स्थिर बसून, दुसऱ्या हाताचे बोट घड्याळाला लावून अर्धा मिनिट घ्यावी लागते. धावताना जी संख्या दिसते तिच्याशी त्या ईसीजीचा संबंध नसतो. आणि त्या एका पट्टीवरून हृदयविकाराचा झटका ओळखता येत नाही, हे घड्याळ बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात.

---

घाटवाट

दोघांचेही मनापासून आभार. गोळी टेल्मिसार्टनची आहे. छातीत दुखणे, चक्कर असे काही होत नाही. फक्त चढावर धाप लागते, आणि ती माझ्या वयाच्या सोबत्यांनाही लागते. आलेख उघडून पाहिला, तर दोन्ही रेघा खरोखरच एकमेकींना चिकटून आहेत. नाडी मोजण्याचा प्रयोग या रविवारी घाटात करतो आणि कळवतो.

---

नाडीपरीक्षा

टेल्मिसार्टन बीटा-ब्लॉकर नाही, ते हृदयगतीला लगाम घालत नाही. तेव्हा तो मुद्दा निकालात निघाला. तरीही पन्नाशी उलटलेली आहे, रक्तदाब आहे आणि घाटातल्या २१ किलोमीटरची तयारी चालली आहे. अशा वेळी आपल्या डॉक्टरांशी बोलून ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट करून घ्यावी असे मी सुचवेन. तिथे ईसीजी लावलेला असताना तुम्ही कोणत्या गतीपर्यंत जाता हे डोळ्यांसमोर दिसते. अनायासे त्याच वेळी घड्याळही मनगटावर ठेवता आले तर तुलनाही होईल, पण तिथल्या तंत्रज्ञांची परवानगी घ्यावी.

---

दंडबैठक

मी एका व्यायामशाळेत प्रशिक्षक आहे. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मनगटावर आता काही ना काही असते, त्यामुळे हा प्रश्न रोजच समोर येतो. धावण्याबद्दल वर पुरेसे आले आहे, म्हणून मी इतर व्यायामांविषयी आणि घड्याळ बांधण्याच्या रीतीविषयी लिहिते.

वजने उचलताना मनगटी आकडा जवळजवळ सोडून द्यावा. डंबेल किंवा बार घट्ट धरला की पंजाकडे जाणारे स्नायूबंध ताठ होतात, मनगटाचा आकारच बदलतो आणि घड्याळाखालचा रक्तप्रवाह दबतो. जड सेट संपवून घामाघूम झालेल्या मुलीच्या घड्याळात ९५ आणि मानेवरच्या नाडीत १४० हा फरक मी स्वतः बोट लावून पाहिलेला आहे. सूर्यनमस्कारांतही असेच होते, आणि त्याचे कारण आपल्याकडे कुणी फारसे लक्षात घेत नाही. एका आवर्तनात हात डोक्यावर जातात, मग जमिनीवर टेकतात, मनगट काटकोनात मागे वाकते आणि त्यावर अंगाचा भार येतो. हात वर गेले की पंजातले रक्त ओसरते, खाली आले की भरते. हा सगळा चढउतार प्रकाशाच्या नोंदीत मिसळतो, शिवाय वाकलेल्या मनगटावर घड्याळाची कड रुतते ती वेगळीच. वेगाने घातलेल्या नमस्कारांत दमछाक किती झाली हे पाहायचे असेल, तर आवर्तने संपल्यावर उभे राहून नाडी मोजलेली बरी.

स्थिर सायकलवर मात्र मला मनगटी आकडे बऱ्यापैकी विश्वासार्ह आढळतात, कारण हात एका जागी असतो. एलिप्टिकल या हातापायांच्या व्यायामयंत्रावर हातांचे दांडे ओढायला लागले की तेच घड्याळ पुन्हा भरकटते. इंटरव्हल प्रकारच्या सरावात आणखी एक अडचण येते: गणित मागच्या काही सेकंदांची सरासरी धरून चालते, त्यामुळे ३० सेकंदांची जोरदार धाव संपून विश्रांती सुरू झाली तरी आकडा वर चढतच असतो. अशा सरावात आकड्याकडे बघून वेग ठरवणारा माणूस चुकीच्या वेळी जोर लावतो आणि चुकीच्या वेळी थांबतो.

बांधण्याची रीत लहान वाटते, पण तिने फार फरक पडतो. घड्याळ मनगटाच्या बाहेरच्या उंचवट्यावर येऊ नये; त्या हाडापासून कोपराच्या दिशेने एक-दोन बोटे वर सरकवावे. तिथे मांसलपणा जास्त असतो आणि मनगट वाकले तरी घड्याळ हलत नाही. पट्टा व्यायामापुरता एक भोक घट्ट करावा. हात झटकल्यावर घड्याळ सरकू नये, पण बोटांना मुंग्या येतील किंवा त्वचेवर खोल वळ उठेल इतके आवळू नये. व्यायाम झाला की पुन्हा सैल करावे. थंडीत पहाटे बाहेर पडणाऱ्यांनी आधी दहा मिनिटे अंग गरम करून घ्यावे, कारण गार हातांच्या त्वचेत रक्तच कमी फिरते आणि संवेदकाला टिपण्यासारखे काही उरत नाही.

माझ्याकडच्या बायकांसाठी एक मुद्दा मुद्दाम लिहिते, कारण घड्याळासोबतच्या माहितीपत्रकात तो कुठेच नसतो. ज्या हातात बांगड्या आहेत त्याच हातात घड्याळ असेल, तर धावताना प्रत्येक पावलाला बांगड्या त्यावर आपटतात, ते सरकते, आणि फटीतून बाहेरचा उजेड आत शिरतो. बांगड्या काढायच्या नसतील तर व्यायामापुरत्या एका हातात घालाव्यात आणि घड्याळ दुसऱ्या हातावर ठेवावे. हातावर गोंदण असेल तर तेवढी जागा टाळावी. गडद शाई हिरवा प्रकाश अडवते.

छातीचा पट्टा नको वाटणाऱ्यांसाठी दंडावर बांधायचा प्रकाशाचाच पट्टा मिळतो. तत्त्व मनगटी घड्याळाचेच, पण दंडावर मांस जास्त, हाड खोल आणि हालचाल कमी, त्यामुळे आकडे मनगटापेक्षा स्थिर येतात. वजने उचलणाऱ्यांना मी तोच सुचवते.

---

तरंगलांबी

‘दंडबैठक’ यांनी लिहिलेले पटण्यासारखे आहे. त्वचेच्या रंगाचा मूळ प्रश्न राहून गेला होता, त्याविषयी लिहितो.

शंका तर्काला धरून आहे. त्वचेतले मेलॅनिन हिरवा प्रकाश शोषते, त्यामुळे गडद त्वचेवर परतणारा प्रकाश कमी असतो. मी वर ज्याचा उल्लेख केला त्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात गडद त्वचा, जास्त बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) आणि पुरुष असणे यांच्याशी अधिक चूक जोडलेली आढळली होती. उलट ड्यूक विद्यापीठातील गटाने २०२० मध्ये ५३ जणांवर खास हाच प्रश्न घेऊन चाचणी केली. त्यात त्वचेच्या रंगानुसार संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय फरक आढळला नाही; मात्र हालचाल करताना होणारी चूक विश्रांतीतल्या चुकीपेक्षा सरासरीने ३० टक्के जास्त होती, आणि उपकरणाउपकरणांतही फरक होता. कमी प्रकाश परतला तर घड्याळ एलईडीची तीव्रता वाढवून बरीचशी भरपाई करते, हे त्यामागचे एक कारण असावे. सावळ्या वर्णाच्या माणसाने निव्वळ रंगामुळे ही उपकरणे बाद ठरवावीत असा पुरावा मला दिसत नाही. पण चाचण्यांमध्ये गडद त्वचेची माणसे पुरेशा संख्येने असावीत, आणि आपल्या देशात, आपल्या उन्हात आणि घामात अशा चाचण्या व्हाव्यात, ही अपेक्षा रास्त आहे आणि ती कंपन्यांपुढे ठामपणे मांडली पाहिजे.

ओघात कॅलरींविषयीही लिहितो, कारण सरावानंतर किती खायचे हे त्यावरून ठरवणारे पुष्कळ आहेत. स्टॅनफर्डच्या त्याच सात उपकरणांपैकी ऊर्जाव्ययात सर्वांत अचूक ठरलेले उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. हृदयगती अचूक असूनही ही स्थिती होती, आणि तुमच्यासारखी हृदयगतीच चुकलेली असेल तर त्या आकड्याला काहीच अर्थ उरत नाही.

---

घाटवाट

रविवारी घाटात जाऊन आलो. सपाटीवर घड्याळात १७० दिसत असताना थांबून मानेवर बोटे ठेवली. १५ सेकंदांत ३४ ठोके, म्हणजे १३६. चढावर दम लागलेला असताना घड्याळ १२० दाखवत होते आणि मोजून ३९ आले, म्हणजे १५६. ठोके दोन्ही वेळा एका लयीत होते. घड्याळ दोन बोटे वर सरकवून आणि घट्ट बांधून परत फिरलो, तेव्हा उतारावर आकडे बरेच जवळ आले, पण सपाटीला लागल्यावर काही वेळाने पुन्हा १७० वर जाऊन अडकले. घड्याळ काढून, त्वचा पुसून, मिनिटभर चालून पुन्हा धावायला लागलो तर ते ताळ्यावर आले. स्ट्रेस टेस्टची वेळ घेतली आहे. एका मित्राने छातीचा पट्टा वापरायला दिला आहे. तो पहिली पाच मिनिटे २०० च्या वर आकडे दाखवतो आणि मग एकदम शांत होतो. हा पट्टाही बिघडलेला आहे का?

---

दंडबैठक

पट्टा बिघडलेला नसावा, तो कोरडा असावा. आतल्या बाजूला जे दोन गुळगुळीत रबरी भाग असतात ते बांधण्यापूर्वी पाण्याने चांगले ओले करा. कोरड्या त्वचेवर विद्युत संदेश नीट पोहोचत नाही, आणि वर पॉलिएस्टरचा टी-शर्ट फडफडत असेल तर स्थिर विजेमुळे पट्ट्याला खोटे ठोके दिसतात. घाम सुटला की हे आपोआप थांबते, म्हणून तुम्हाला पाच मिनिटांनी फरक जाणवला. पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, खोल श्वास घेता येईल पण खाली घसरणार नाही इतपत घट्ट बसवा. घड्याळाच्या सेटिंगमध्ये जाऊन तो जोडला गेला आहे ना, हेही निघण्यापूर्वी पाहा; जोडला गेला नसेल तर पट्टा छातीला बांधलेला असूनही घड्याळ मनगटाचेच आकडे दाखवत राहते.

धाव संपली की पट्ट्यावर पुढे लावलेले बटणासारखे यंत्र पट्ट्यापासून सुटे करा. तसेच लावून ठेवले तर ओलाव्यामुळे ते चालूच राहते आणि आतला सेल लवकर संपतो. पट्टा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, नाहीतर घामाचे क्षार साचून तो काही महिन्यांत निकामी होतो. आणि पट्टा मित्राचा आहे, तेव्हा परत देण्यापूर्वी सेल तपासून द्या. सेल उतरत आला की हाच पट्टा पुन्हा भलतेच आकडे दाखवायला लागतो.

---

नाडीपरीक्षा

१३६ आणि १५६ हे दोन्ही आकडे तुमच्या वर्णनाशी जुळतात: बोलता येत होते तेव्हा १३६, बोलणे तुटत होते तेव्हा १५६. थांबून मोजल्यामुळे हे आकडेही प्रत्यक्षापेक्षा दोन-चार ठोक्यांनी कमीच आलेले असतील. हे दोन्ही आकडे आणि टेल्मिसार्टनची मात्रा एका कागदावर लिहून स्ट्रेस टेस्टला जाताना सोबत न्या. तिथल्या डॉक्टरांना घड्याळाच्या आलेखापेक्षा त्यांचा जास्त उपयोग होईल. चाचणीच्या दिवशी सकाळची गोळी घ्यायची की नाही हे त्यांनाच आधी फोन करून विचारा.